बारा हेडचं मशीन

कुंदा चौबळने ते मशीन घेण्याआधी जितकी चौकशी केली, तितकी तिच्या वडिलांनी तिच्या लग्नाच्या वेळी मुलाकडचीही केली नव्हती. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, आणि सांगताना शेजारी बसलेल्या कमळाकरकडे बघायचीसुद्धा नाही. तो बिचारा पेपर वर करायचा.

चौऱ्याण्णव साल असेल. बदलापूरला खरवईच्या एमआयडीसीत कुंदाचा भाड्याचा गाळा होता. सहा साधी भरतकामाची मशीनं, सहा बायका, आणि त्यांच्यावर विठा. विठा वांगणीहून यायची, अक्षरओळख जेमतेम, पण दोऱ्याचा रंग नुसता उन्हात धरून सांगायची की हा धुण्यात टिकेल का जाईल. काम सगळं उल्हासनगरच्या कापड व्यापाऱ्यांचं. ड्रेस मटेरियलचे गळे, बाह्या, ओढण्यांचे काठ. दहा वर्षं बरं चाललं होतं. मग व्यापाऱ्यांना कॉम्प्युटरचं भरतकाम हवं झालं. हजार गळ्यांवर हजारदा तेच फूल, एका टाक्याचाही फरक नको. कुंदाच्या बायका काही वाईट काम करत नव्हत्या, पण माणसाचा हात म्हटला की पन्नासाव्या गळ्याला फूल जरा कलतंच. ऑर्डरी सुरतेला जायला लागल्या.

उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधले परसराम शेठ तिचे जुने गिऱ्हाईक. त्यांनीच एक दिवस विषय काढला.

"बहेनजी, मेरे पास एक मशीन पडा है. जपानी. बारा हेड. एकदम बारा पीस निकलतात. मी स्वतः चालवणार होतो, पण लडका बोलतो मला नाही जमणार. तुम्ही घेता का?"

उल्हासनगरच्याच पाच नंबर कॅम्पात कपडे एक्सपोर्ट करणारा एक माणूस होता, तो धंदा गुंडाळून दुबईला जायला निघाला होता. त्याच्याकडून परसराम शेठनी ते घेतलं होतं. कुंदा जाऊन बघून आली. लांबच्या लांब, एखाद्या लग्नातल्या पंगतीच्या पाटासारखं, आणि त्यावर ओळीने बारा डोकी. बटण दाबलं आणि बाराही सुया एका वेळी खाली गेल्या, तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. घ्यायचंच, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

कमळाकर अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात स्टोअर्स ऑफिसर होता. त्याच्या स्टोअरमध्ये साधा नटसुद्धा नोंदीशिवाय आत येत नसे की बाहेर जात नसे. त्याने पहिला प्रश्न तोच विचारला.

"त्याच्यावर कुणाचं कर्जबिर्ज नाही ना?"

"परसराम शेठ म्हणतात, नाही."

"ते म्हणणारच. तू बघून घे."

"कुठे बघू?"

"असेल ना कुठेतरी नोंद! आपल्या स्कूटरवर कर्ज होतं तेव्हा आरसी बुकावर बँकेचं नाव होतं की नाही? फिटल्यावर आरटीओत जाऊन काढून आणलं. एवढ्याशा स्कूटरचं असतं, मग एवढ्या मोठ्या मशीनचं नसेल होय?"

तिला ते पटलं. आणि इथून तिची वणवण सुरू झाली.

बदलापुरातल्या तिच्या बँकेचे मॅनेजर म्हणाले, "आमचं कर्ज असतं तर लगेच सांगितलं असतं. दुसऱ्या बँकेचं मला कसं कळणार?"

"त्यांना फोन करून विचारा ना."

"ते मला नाही सांगणार. मी तरी त्यांना कुठे सांगतो?"

"मग तुम्ही मशीनवर कर्ज देता तेव्हा कसं बघता, आधी कुणी दिलंय का?"

"आम्ही पार्टीकडून लिहून घेतो," ते म्हणाले.

मग ती उल्हासनगरला खरेदीखतं नोंदवतात त्या कचेरीत गेली. तिथल्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, मशीन जमिनीत पुरलंय का?"

"नाही. बोल्टने बसवलंय."

"मग आमच्याकडे नाही. आमच्याकडे फक्त जमीन आणि इमारत."

मुंबईला कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत तिने अर्धा दिवस घालवला. तिथे फायली होत्या, त्यांत कंपन्यांनी कुठल्या मालावर कर्ज काढलं तेही लिहिलेलं असे. पण तो दुबईचा एक्सपोर्टवाला म्हणजे भागीदारीतली फर्म. "फर्म इथे नाही," खिडकीतला माणूस म्हणाला. "फर्मचं कुठे?" "फर्मचं मालावरचं कर्ज? ते कुठेच नाही."

कुठेच नाही, हे शब्द तिने घरी येऊन कमळाकरला जसेच्या तसे सांगितले. त्याचा विश्वास बसेना. "असं कसं? कुठेतरी असणारच," तो म्हणत राहिला. शेवटी त्यांनी बँकेने सांगितलं तेच केलं. परसराम शेठकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं की मशीन माझं आहे आणि त्याच्यावर कुणाचाही हक्क नाही. शेठनी न वाचता सही ठोकली. आणि वांगणीला पुढेमागे घर बांधू म्हणून घेतलेला प्लॉट विकून चौबळांनी मशीन घेतलं.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. विठाने आठवडाभरात मशीन ताब्यात घेतलं. कुठल्या हेडचा दोरा तुटतो, कुठल्याला ताण जास्त, सगळं तिला पाठ. सुरतेला गेलेली दोन गिऱ्हाइकं परत आली. कुंदाने आणखी तीन मुली घेतल्या. अंबरनाथच्या शिवमंदिरात जाऊन ती अभिषेक करून आली, आणि कमळाकरने, जो धंद्याच्या भानगडीत कधी पडत नसे, रविवारी गाळ्यात येऊन सुट्या भागांसाठी एक फडताळ लावून दिलं. प्रत्येक खणावर चिठ्ठी.

मग एका दुपारी जीप आली. तिच्यातून चौघं उतरले. एक टायवाला तरुण, मुंबईच्या एका लीझिंग कंपनीचा अधिकारी. एक त्यांचा वकील. एक हवालदार. आणि हातात फाइल घेतलेला एक थकलेला म्हातारा गृहस्थ, हायकोर्टाच्या रिसीव्हरच्या कचेरीतला. रिसीव्हर म्हणजे भांडणातली वस्तू निकाल लागेपर्यंत कोर्टाच्या वतीने ताब्यात ठेवणारा, हे कुंदाला त्या दिवशी कळलं.

"हे मशीन आमचं आहे," टायवाला म्हणाला.

"मी विकत घेतलंय."

"कुणाकडून?"

"परसराम शेठकडून. आणि त्यांनी घेतलं पाच नंबरच्या..."

"हो, त्या एक्सपोर्टवाल्याला आम्ही भाड्याने दिलं होतं. त्याचं कधी झालंच नाही, तर तो विकणार काय?" त्याने फायलीतून मशीनचा नंबर वाचला आणि पत्र्यावरच्या नंबराशी ताडून दाखवला. मग तो खाली वाकला आणि बाजूच्या पत्र्यावर बोट ठेवलं. "इथे आमच्या कंपनीच्या नावाची पट्टी होती. काढून टाकलीय. ही बघा भोकं. पुट्टी भरून रंग मारलाय."

कुंदाने ते ठिकाण वर्षभर रोज फडक्याने पुसलं होतं. आता बघितलं तर बारीक चार फुगवटे बोटाला लागले.

"मॅडम, एवढी मोठी वस्तू घेताना तुम्ही चौकशी नाही केलीत?" वकील म्हणाला. त्याने काही कुत्सितपणे विचारलं नव्हतं. पण कुंदाचं डोकं सणकलं.

"केली. बँकेत केली. उल्हासनगरला केली. मुंबईला जाऊन केली. तुम्ही सांगा, तुमचं नाव कुठे लिहून ठेवलं होतं? मी कुठे जायला हवं होतं?"

"आम्ही कशाला लिहून ठेवू? स्वतःची वस्तू भाड्याने दिली, तर स्वतःच्याच वस्तूवर बोजा कोण नोंदवतं?"

"मग लोकांना कळणार कसं?"

"पट्टी होती ना," वकील म्हणाला.

म्हातारे गृहस्थ पंचनामा लिहीत बसले. विठा आणि मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी कुंदाला समजावून सांगितलं की मशीन उचलून नेणार नाही. निकाल लागेपर्यंत तुम्हीच वापरा, पण रिसीव्हरच्या वतीने, आणि दर महिन्याला कोर्टात ठरलेली रक्कम भरायची. म्हणजे स्वतः पुरे पैसे मोजून घेतलेल्या मशीनचं आता भाडं द्यायचं. तिने सही केली, कारण न करती तर त्यांनी शटरला सील ठोकलं असतं आणि आत तीनशे गळे अर्धवट पडले होते.

तिथून ती तडक उल्हासनगरला गेली. गजानन मार्केटात भर गिऱ्हाइकांत परसराम शेठच्या गादीसमोर उभी राहिली आणि जे तोंडाला येईल ते बोलली. ती एरवी आवाज चढवणारी बाई नव्हे. शेजारच्या दुकानातले लोक बाहेर आले.

शेठनी ऐकून घेतलं. पोऱ्याला खुणावलं, त्याने त्यांच्या सिंधी रिवाजाप्रमाणे पापड आणि पाण्याचा ग्लास आणून ठेवला. कुंदाने हात लावला नाही. मग शेठनी गादीखालून एक लखोटा काढला. त्यांनाही कोर्टाचं समन्स आलं होतं, त्याच सकाळी.

"बहेनजी, आपने स्टॅम्प पेपर लिया मुझसे. मी त्या दुबईवाल्याकडून तेवढंही नाही घेतलं. पंधरा साल का पहचान था," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "आप को मी फसवलं असं तुम्हाला वाटत असेल तर इथेच चप्पल मारा."

रागवायला समोर माणूस हवा होता, तो असा निघाला. कुंदा पाणी न पिताच उठली.

कमळाकरची चुलत बहीण सुनेत्रा मुंबईला फोर्टातल्या एका वकिलांच्या ऑफिसात होती. वय तिशीच्या आतलं, बोलायला चटपटीत. तिने केस घेतली, फी न घेता. पहिल्याच भेटीत तिने काही आडपडदा ठेवला नाही.

"वहिनी, कायदा साधा आहे. जो मालक नाही त्याच्याकडून वस्तू घेतली तर आपण मालक होत नाही. तुम्ही कितीही प्रामाणिक असा."

"पण मालक कोण हे बघायची सोय आहे का?"

"नाही."

"सोय नाही, पण बघितलं नाही तर चूक माझी?"

"हो," सुनेत्रा म्हणाली. "हे असंच आहे."

तारखा सुरू झाल्या. कुंदा सकाळी डबा घेऊन निघायची, कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसायची, आणि दुपारी कळायचं की आज नंबर लागत नाही. त्याच बाकावर दुसऱ्या टोकाला परसराम शेठ बसायचे. पहिले काही महिने दोघं एकमेकांकडे बघायचीही नाहीत. मग एकदा उन्हाळ्यात शेठना घेरी आली आणि कुंदाने त्यांना आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. तेव्हापासून बोलणं सुरू झालं. शेठ म्हणाले, "नुकसान झालं ते आधा मेरा, आधा आपका. एकदम नाही जमणार. पण देईन." तिने मान हलवली. विश्वास ठेवायचा का नाही हे ठरवण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

दीड-एक वर्षाने लीझिंग कंपनीच कंटाळली. एक ठोक रक्कम द्या आणि मशीन कायमचं तुमचं, असा निरोप सुनेत्रामार्फत आला. रक्कम रास्त होती. कमळाकरने प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले. त्या दिवशी कुंदाला किती दिवसांनी भूक लागली. कोर्टात फक्त तडजोडीचा कागद दाखवायचा आणि न्यायाधीशांनी मान डोलवायची, एवढंच उरलं होतं. लीझिंग कंपनीचा वकील तिच्याकडे बघून हसलाही.

आणि त्यांचा नंबर पुकारला गेला तेव्हा मागच्या रांगेतून एक अनोळखी वकील उठला. गोरापान, पन्नाशीचा, हळू बोलणारा. तो इंग्रजीत काय म्हणाला ते कुंदाला अर्धंच कळलं, पण लीझिंगवाल्याचा चेहरा उतरलेला तिला स्वच्छ दिसला. सुनेत्राने तिच्या कानाशी वाकून सांगितलं.

"हा हाँगकाँगच्या एका फायनान्स कंपनीकडून आलाय. त्याचं म्हणणं, ही मशीनं जपानहून आणायला पैसे त्यांनी दिले. लीझिंग कंपनीने ती सगळी त्यांच्याकडे तारण ठेवलीत. हप्ते थकलेत. त्यामुळे तडजोडीचे पैसे यांना देऊ नका, आम्हाला द्या."

"म्हणजे हे मशीन यांचंही नाही?"

"आहे यांचंच, पण गहाण. थांबा, ऐकू दे."

लीझिंगचा वकील तावातावाने बोलत होता. असं काही तारण असेल तर त्याची इथे नोंद कुठे आहे, आम्ही तर हीच मशीनं दाखवून इथल्या एका बँकेचंही कर्ज घेतलंय, त्या बँकेलाही याचा पत्ता नाही. हे बोलून गेल्यावर एकच माल दोघांकडे गहाण ठेवल्याचं आपण कबूल केलंय हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो एकदम फायलीची पानं उलटायला लागला. हाँगकाँगच्या वकिलाने शांतपणे सांगितलं की नोंद आहे, हाँगकाँगच्या कंपनी कचेरीत आहे, कुणीही जाऊन पाहावं.

न्यायाधीश खुर्चीत मागे टेकले. "इथल्या माणसाने हाँगकाँगला जाऊन पाहावं?" त्यांनी विचारलं. कोर्टात हशा पिकला.

कुंदाला हसू आलं नाही. ज्या माणसाने तिला तिच्याच गाळ्यात उभं राहून विचारलं होतं की चौकशी नाही का केलीत, त्यालाच आज हाँगकाँगचा वकील तोच प्रश्न विचारत होता. दुसरी एखादी असती तर तिला बरं वाटलं असतं. कुंदाच्या डोळ्यांपुढे फक्त कमळाकरचे फंडाचे पैसे होते, पर्समधल्या पाकिटात ठेवलेल्या ड्राफ्टच्या रूपाने, आणि तो ड्राफ्ट कुणाच्या हातात द्यावा हे त्या एवढ्या मोठ्या दालनात कुणालाच सांगता येत नव्हतं. तडजोड मोडली. पुढची तारीख पडली. ती बँक पक्षकार म्हणून आली. मग चौघांचे चार वकील, आणि पाचवी सुनेत्रा.

त्यानंतर गोष्ट जी रखडली ती रखडलीच. सत्त्याण्णवच्या सुमारास मशीनचा कॉम्प्युटर बिघडला. अंबरनाथच्या मेकॅनिकने उघडून सांगितलं की आतलं कार्ड जळलंय, एजंटकडे पाठवावं लागेल. पण मशीन रिसीव्हरच्या ताब्यातलं, त्याचा भाग सुटा करायचा तर परवानगी हवी. सुनेत्राने अर्ज केला. लीझिंग कंपनी म्हणाली खर्च आम्ही देणार नाही. हाँगकाँगवाले म्हणाले आमची हरकत नाही, पण खर्च आमचाही नाही. बँकेने उत्तरच दिलं नाही. अर्ज तीनदा पुढे ढकलला गेला. तोवर बाराही हेड मान खाली घालून उभे. आणि महिन्याची रक्कम चालूच, कारण मशीन बंद असलं तरी ती भरू नका असा हुकूम कुणी काढला नव्हता.

"मग घेऊन जा म्हणावं!" कुंदा सुनेत्रावर ओरडली. सुनेत्रा बदलापूरला रविवारची जेवायला आली होती, पानावरून उठून हात धूत होती. "मला नको ते. माझा गाळा मोकळा करा. भाडं मी भरतेय त्या जागेचं."

"वहिनी, तोही अर्ज केलाय. न्यायचं कुठे हे ठरत नाहीये."

"सगळ्या जगाला कळतं मशीन कुणाचं नाही ते! कुणाचं आहे ते सांगणारा एक माणूस नाही!"

कमळाकरने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. तिने तो परत सरकवला.

सुनेत्राने हात पुसले. मग विषय बदलावा म्हणून, किंवा खरंच सांगावंसं वाटलं म्हणून, ती म्हणाली, "मागच्या महिन्यात आमच्याकडे एक परिसंवाद होता. परदेशात म्हणे सगळ्या देशांचे वकील बसून एक करार लिहिताहेत. कॉम्प्युटरवर एकच नोंदवही, सगळ्या जगाची. कुठलं विमान कुणाकडे गहाण आहे, ते कुठूनही बघता येईल. ज्याने आधी नोंदवलं त्याचा हक्क पहिला. नोंदवलं नाही तर तक्रार करायची नाही."

कमळाकर सरसावून बसला. स्टोअरमधल्या माणसाला हे ऐकून बरं वाटलं. "बघ, मी म्हणत होतो ना, असायलाच हवं! मशीनं पण येणार त्यात?"

"नाही, दादा. विमानं, विमानांची इंजिनं. रेल्वेचे डबे. आणि उपग्रह."

"उपग्रह," कुंदा म्हणाली.

"मोठ्या रकमांचं आधी करतात. पुढे कधीतरी..."

"आकाशात फिरतोय त्या उपग्रहावर कुणाचं कर्ज ते घरबसल्या कळणार. आणि खरवईच्या गाळ्यात बोल्टने बसवलेलं मशीन कुणाचं ते नाही कळणार. चांगलंय." ती उठून आत गेली आणि भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. सुनेत्राने जाताना स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं की विक्रीचा अर्ज मीच टाकते आता, लिलाव करा आणि पैसे कोर्टात ठेवा, मग भांडा तुम्ही चौघं. कुंदाने मागे न बघताच "बरं" म्हटलं.

तो अर्ज मात्र मंजूर झाला. तोवर मुंबईची लीझिंग कंपनीही बुडाली होती, त्यामुळे हरकत घ्यायला जोर कुणात नव्हता. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर तेच थकलेले म्हातारे गृहस्थ लिलावाला गाळ्यात आले. बोली लावायला तिघंच जमले. कुर्ल्याचा एक भंगारवाला, सुरतेचा एक तरुण, आणि कोपऱ्यात कमळाकर. त्याने कुंदाला बाजूला घेतलं.

"मातीमोल जाणार आहे. कार्ड बदललं की चालेल. आपणच घेऊ. फंडाचे पैसे आहेत अजून तसेच."

कुंदा गृहस्थांसमोर जाऊन उभी राहिली. "हे मी घेतलं, तर माझं होईल?"

"कोर्टाच्या विक्रीचा दाखला मिळेल, बाई."

"ते नव्हे. उद्या पाचवा कुणी आला, चीनवरून, अमेरिकेवरून, आणि म्हणाला की माझंही याच्यावर काही आहे. तर?"

त्यांनी चष्मा पुसला आणि अटींचा कागद तिच्यापुढे धरून मराठीत समजावला. मशीन जसं आहे, जिथे आहे, तसं विकलं जाईल. त्याच्या मालकीबद्दल कोर्ट कसलीही हमी देत नाही. घेणाऱ्याने स्वतः चौकशी करून घ्यावी.

"स्वतः चौकशी करून घ्यावी," कुंदा म्हणाली.

"छापील अट आहे. सगळ्याच लिलावात असते," ते ओशाळून म्हणाले. त्यांना तिची गोष्ट पहिल्या दिवसापासून ठाऊक होती.

ती कमळाकरकडे वळली. "नको."

"अगं पण..."

"अहो, नको म्हणतेय ना. एकदा चौकशी करून घेतलं. आता पुन्हा कुठे फिरू मी?"

बोली सुरतेच्या तरुणाला गेली. आठवड्याने तो ट्रक आणि चार माणसं घेऊन आला. बोल्ट सोडवताना तो कुंदाजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, इसका कुछ लफडा तो नहीं है ना?"

तिने त्याला सगळं सांगितलं. दुबईवाला, परसराम शेठ, लीझिंग कंपनी, हाँगकाँग, बँक. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. मुलगा ऐकत होता, पण त्याचं अर्धं लक्ष ट्रकमध्ये दोर आवळणाऱ्या माणसांकडे होतं. ती बोलायची थांबली तेव्हा तो म्हणाला, "पर अभी तो कोर्ट ने बेचा है. फिर क्या टेन्शन?" आणि त्याने अंबरनाथच्या मेकॅनिकचा पत्ता मागितला. तिने तो दिला. आणखी काय देणार?

परसराम शेठनी आपला शब्द पाळला, हेही सांगायला हवं. दोन वर्षं ते थोडे थोडे पैसे देत राहिले, कधी रोख, कधी जास्त दराचं काम देऊन. पुरती भरपाई काही झाली नाही. वांगणीच्या त्या प्लॉटवर पुढे कुणीतरी तीन मजली इमारत बांधली.

ट्रक गेल्यावर विठाने गाळा झाडून काढला. मशीनच्या जागी फरशीवर तेलाचे डाग होते, ते तिने रॉकेलने घासले, तरी निघाले नाहीत. मुलींनी सहा जुनी मशीनं पुन्हा मधोमध ओढली.

"ताई," विठा म्हणाली, "यात चुकलं कुणाचं म्हणायचं?"

कुंदाने तोंड उघडलं. दुबईवाल्याचं नाव ओठांवर आलं, पण तो एकटाच कुठे होता. बँकवाले, टायवाला, हाँगकाँगचा तो हळू बोलणारा, जो तो आपल्या परीने बरोबरच होता, आणि तिचे मात्र चार वर्षांचे दिवस गेले होते. कुणाला शिवी द्यावी तेच ठरेना, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून पहिल्या मशीनवर बसली आणि पुढ्यातला गळा उचलला. "जांभळा दोरा दे. उद्या माल द्यायचाय."